मोत्या वेंगुर्ल्याला जातो

बेळगावकराला समुद्राच्या दोन वाटा जवळच्या. चोर्ल्यानं उतरलं की गोवा, आंबोलीनं उतरलं की वेंगुर्ला. मोत्या बरोबर असला की आम्ही वेंगुर्ला धरतो. चंदगड सोडल्यावर त्याला पोटभर घालायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की घाटातली वळणं निभतात.

राहायच्या जागांवर हल्ली ‘पेट-फ्रेंडली’ लिहिलेलं असतं. कुठं त्याचा अर्थ कुत्र्याला पडवी आणि मालकाला जादा भाडं, एवढाच निघतो. आम्हाला भेटलेल्या काकूंनी मात्र मी पुढं केलेलं लशीचं कार्ड बाजूला सारलं आणि विचारलं, “ह्येका मासो चलता मां?” चालतो की! काटे काढायचं काम आमच्याकडं.

मोत्या मुधोळचा. उन्हातान्हात सशामागं धावणारी ही जात 2005 साली टपाल तिकिटावर झळकली. पण सागरेश्वरला पहिली लाट पायाशी आली तसा गडी जो उलटा पळाला तो थेट सुरूच्या बनात. थोड्या वेळानं मान लांब करून परत आला नि पाणी चाटायला लागला. खारं पाणी पोटात गेलं की ओकाऱ्या ठरलेल्या, म्हणून गोड्या पाण्याची बाटली कायम माझ्या खांद्याला.

हद्द म्हणजे काय, हे 1956 पासून सीमाप्रश्नात अडकलेल्या आम्हा लोकांना कुणी शिकवायला नको. तरी किनाऱ्यावरची कुत्री बघावीत. होड्यांपर्यंत एका टोळीचं राज्य, पुढं दुसरीचं. मोत्या शेपूट घालून उभा राहिला, त्यांनी मागूनपुढून हुंगलं आणि दोन मिनिटांत निकाल. ना महाजन आयोग, ना सुप्रीम कोर्टाची तारीख.

वाळू तापली की तळवे भाजतात, त्यामुळं फिरणं पहाटे नाहीतर दिवेलागणीला. ‘बघण्यासारखं’ बरंच हुकतं, पण पहाटे रापण ओढणारी माणसं भेटतात. जाळं वर आलं की मोत्या एखादा खेकडा निवडतो. पुढचे पाय आडवे पसरून, ढुंगण वर करून त्याच्यावर भुंकतो. खेकडा नांगी उचलतो, हा मागं सरकतो. माणसं दोर सोडून हसत बसतात.

वायंगणीला मात्र पट्टा सोडायचा नाही. तिथं थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. परसातल्या रताळ्यांच्या वाफ्याची मोत्यानं काय दशा केलीय हे बघितल्यामुळं, वाळूत पुरलेल्या अंड्यांच्या बाबतीत माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही.