ओल नुसती काढून भागत नाही, आधी प्लीहा सांभाळा

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूत हिवाळा सरता सरता असे काही दिवस येतात की समुद्राकडून गरम दमट वारं सुटतं आणि गारठलेल्या भिंतींना लागून त्याचं पाणी होतं, मग भिंती, आरसे, जिन्याच्या फरश्या सगळं घामेजतं, कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. इथे याला हुईनानथ्येन म्हणतात. या दिवसांत इथल्या कुणालाही अंग जड झालंय, डोकं बांधल्यासारखं वाटतंय असं सांगा, उत्तर ठरलेलं, अंगात ओल साठलीय, जीभ दाखव बघू. जिभेवर जाड चिकट पांढरा थर असेल आणि कडांवर दातांचे ठसे उमटलेले असतील तर शेजारच्या आजीसुद्धा निदान करून मोकळ्या होतात.

मग सगळे पळतात ओल काढणारा काढा प्यायला. कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं आहेत, कडू काढा, ग्लासभर प्या आणि चला. मला याबद्दलच लिहायचंय, कारण चिनी वैद्यकाचं मूळ म्हणणं नुसतं ओल काढा असं नाहीच मुळी. सु-वन या जुन्या ग्रंथात सूज आणि पोट भरून आल्यासारखं वाटणं, ओलीचे हे सगळे विकार प्लीहेकडे बोट दाखवतात असं म्हटलंय. आता ही प्लीहा म्हणजे सोनोग्राफीत दिसणारी पानथरी समजू नका, खाल्लेल्याचा रस करून तो अंगभर पोचवायचं जे काम आहे त्या सगळ्या कामालाच ते प्लीहा म्हणतात. ते काम मंदावलं की पाणी वाहायचं थांबतं आणि साचतं, तीच ओल. आपल्याकडे अग्नी मंद झाला की आम साठतो म्हणतात, ते ऐकून वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

यात मला सगळ्यात भिडतो तो चिनी वैद्य ली तुंग-युआन (1180–1251). 1232 मध्ये मंगोल फौजांनी खायफंगला वेढा घातला, आणि वेढा उठल्यावर शहरात माणसं पटापटा मरायला लागली. वैद्य बाहेरच्या थंडीने झालेला आजार समजून औषधं देत होते. ली म्हणाला, अहो ही माणसं उपाशी राहिलीत, राबलीत, भीतीने खंगलीत, यांचं पोटच खचलंय, आधी ते उभं करा. 1249 मध्ये त्याने प्लीहा आणि जठरावर अख्खा ग्रंथ लिहिला. म्हणून मी म्हणते, की बर्फाचा चहा, क्रीमचे केक, रात्री अकराला तळलेलं आणि जेवताना एका हातात फोन, हे सगळं चालू ठेवून वरून कडू काढा प्यायचा याला अर्थ नाही, उलट ते काढे बहुतेक थंड गुणाचे, आधीच दुबळ्या पोटाला आणखी गार करतात. अतिविचारानेही प्लीहा दुखावते असं चिनी वैद्य मानतात, आणि डेस्कवर काम करणाऱ्यांनी हे तर लिहूनच ठेवावं.

रोजचं जेवण गरम, शिजवलेलं, वेळेवर. आणि त्यात हळूहळू काही गोष्टी. तैवानमध्ये चार देवांचं सूप म्हणून रस्त्यावर मिळतं त्यात कोनफळाच्या कुळातला एक कंद, कमळाच्या बिया, मखाण्याचं न फुटलेलं बी (हो, आपल्या मखाण्याचंच) आणि फु-लिंग म्हणजे पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी असते. मूळ सूपात डुकराचं आतडं घालतात, मी तेच जिन्नस तांदळाच्या पेजेत शिजवते.

यी-मी आणि बारीक लाल चवळीसारख्या दाण्यांचं पाणी सगळ्यात फेमस. यी-मी म्हणजे बार्ली नव्हे, गवताच्या जातीतलंच पण जाड पांढरं बी असतं. कच्ची यी-मी थंड मानतात म्हणून कोरडी भाजून घ्यायची, आणि गरोदर बायकांनी ती टाळायची. लाल दाणे घेताना एक जरूर बघा, अर्धा लाल अर्धा काळा दाणा दिसला तर अजिबात घेऊ नका, ती गुंज असते आणि ती विषारी आहे.

ओल काढणारी पावडर ऑनलाइन मागवणाऱ्यांना तर कळकळीने सांगते, घटकांची नावं नीट माहीत नसतील तर नकोच. 1990 च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत फांग-ची या ओल काढणाऱ्या मुळीच्या जागी नावात साम्य असलेली दुसरीच मुळी गेली, तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड होतं, शंभरावर लोकांची किडनी खराब झाली, काहींना पुढे कॅन्सर झाला. आणि पायावर सूज, सतत जुलाब, आपोआप वजन उतरणं असं काही असेल तर पेज नंतर, आधी डॉक्टरकडे जा आणि रक्त-लघवी तपासून घ्या.

पेजेत शेवटी छन-पीचा, म्हणजे वाळवून मुरवलेल्या संत्र्याच्या सालीचा, छोटा तुकडा टाका. शिनहुई भागातली, निदान तीन वर्षं मुरलेली मिळाली तर उत्तमच, वास जास्त छान येतो आणि पोट फुगत नाही.