होफेनहाइमची तालीम : जर्मन क्लासमध्ये दहा मिनिटं बोलायला उभी राहिले तो अनुभव

मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेत वाढलेली, आणि आता तीन वर्षं झाली जर्मनीत वीसलोखला राहतेय. नवरा शेजारच्या वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहे, इथे आपली मराठी माणसं बरीच आहेत त्यामुळे गणपती-दिवाळी व्यवस्थित होते, पण दुकानात, डॉक्टरकडे, मुलाच्या किंडरगार्टनमध्ये जर्मनशिवाय चालत नाही. म्हणून संध्याकाळच्या भाषावर्गाला नाव घातलं. बी-वन लेव्हलच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या शेवटी आमच्या बाईंनी प्रत्येकाला एक रेफरात करायला सांगितलं, म्हणजे दहा मिनिटं उभं राहून एका विषयावर जर्मनमध्ये बोलायचं, मग वर्गाचे प्रश्न. अट एकच, विषय याच भागातला पाहिजे.

सगळ्यांनी हायडेलबर्गचा किल्ला, नेकार नदी, असे विषय पटापट घेऊन टाकले. मी घरी येऊन पप्पांना फोन केला तर ते म्हणाले, अगं तुमच्या तिथं ते होफेनहाइम आहे की, ब्राझीलचा फुटबॉलर फर्मिनो लिव्हरपूलला जायच्या आधी तिथंच खेळायचा, घे तेच. पप्पा म्हणजे पाटाकडील तालमीचे पक्के, पीटीएमची, म्हणजे याच तालमीच्या टीमची फुटबॉल मॅच असली की दुपारपासून शाहू स्टेडियमवर जाऊन बसणार, सुट्टीच्या दिवशी मलाही खांद्यावर बसवून न्यायचे. तर विषय ठरला, तीन-साडेतीन हजार वस्तीचं गाव आणि त्याचा बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये खेळणारा क्लब.

दुसऱ्या दिवशी बाईंना विषय सांगितला. त्या राइन नदीच्या पलीकडच्या, काइझर्सलाउटर्न या जुन्या फुटबॉल क्लबच्या पिढीजात सपोर्टर. त्या शांतपणे म्हणाल्या, घ्या, पण त्या क्लबला इतिहास नाही, फक्त पैसा आहे. वर्गातल्या आणखी दोघांनी माना डोलावल्या. इथे ही गोष्ट खूप जण बोलतात, प्लास्टिकचा क्लब म्हणतात. मला ते ऐकून कसंतरी झालं, कारण आदल्या रात्रीच मी वाचलं होतं की क्लबच्या नावातच १८९९ आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचं साल नावात घेऊन फिरणाऱ्या क्लबला इतिहास नाही कसा, एवढा एकच प्रश्न घेऊन मी कामाला लागले.

पहिला आठवडा नुसता वाचनात गेला, आणि सुरुवातीलाच क्लबच्या नावातल्या टीएसजी या तीन अक्षरांवर अडकले. त्याचा अर्थ टुर्न उंड श्पोर्टगेमाइनशाफ्ट. श्पोर्ट कळलं, गेमाइनशाफ्ट म्हणजे मंडळ, पण टुर्न? डिक्शनरीत दिलं होतं जिम्नॅस्टिक. मग शोधत गेले तर कळलं की फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या शिक्षकाने १८११ मध्ये बर्लिनच्या बाहेर उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं, सिंगलबार, डबलबार वगैरे, आणि पुढे गावोगावी अशी व्यायाम मंडळं निघाली, त्यांना टुर्नफेराइन म्हणतात. होफेनहाइममध्ये असं मंडळ १ जुलै १८९९ ला निघालं. फुटबॉलचा वेगळा क्लब गावात १९२१ मध्ये आला, आणि महायुद्ध संपल्यावर १९४५ मध्ये दोघे एक झाले. तोच आजचा टीएसजी.

हे वाचून मी उठून उभीच राहिले. अहो ही तर तालीम! व्यायामासाठी निघालेलं मंडळ, ज्याने नंतर फुटबॉल धरला. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, सगळ्यांच्या नावात आखाडा आहे आणि मैदानावर फुटबॉल टीम आहे, बाहेरच्या माणसाला आपण हे समजावून सांगतो तेव्हा त्याला विचित्र वाटतं, आणि इथे सात हजार किलोमीटरवर एका खेड्यात नेमकं तेच झालेलं. तिथेच माझं रेफरात उभं राहिलं. मला सांगायचं होतं ते एवढंच की ही एका गावाची तालीम आहे, आणि तालमीचा एक पोरगा मोठा होऊन परत आला.

तो पोरगा म्हणजे डीटमार होप. जन्म १९४० चा, हायडेलबर्गचा, पण वाढले होफेनहाइममध्ये आणि लहानपणी याच क्लबच्या पोरांच्या टीममध्ये खेळले. पुढे आयबीएममधली नोकरी सोडून पाच जणांनी १९७२ मध्ये एसएपी ही सॉफ्टवेअर कंपनी काढली, त्यातले हे एक. आमच्या भागातल्या कितीतरी मराठी घरांची चूल त्या कंपनीवर पेटते, त्यामुळे नाव माहीत नाही असं कुणी नाही, पण या माणसाचं गाव इतक्या जवळ आहे हे मला माहीत नव्हतं.

मग प्रत्यक्ष जायचं ठरवलं, कारण नुसतं वाचून बोललं की ते पाठांतर वाटतं. वीसलोख-वाल्डॉर्फ स्टेशनवरून हायडेलबर्ग, तिथून एस-५ ही लोकल. नेकारगेम्युंडनंतर गाडी एल्झेन्झ नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यात शिरते, मेकेसहाइम, मग त्सुत्सेनहाउझेन जिथे क्लबचं ट्रेनिंग सेंटर आहे, आणि पुढचंच होफेनहाइम. उतरले तर स्टेशनवर माझ्याशिवाय दोनच माणसं. गल्ल्या, चर्च, लाकडी चौकटींची जुनी घरं, शेतं. कुठेही वाटत नाही की या गावाची टीम चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात वरच्या क्लबची स्पर्धा खेळून आलीय. बेकरीत ब्रेझेल घेतला आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की क्लासला होफेनहाइमवर बोलायचंय, तर रांगेतल्या एका म्हाताऱ्या काकांनी थांबून मला बराच वेळ सगळं सांगितलं. इथली बोली अशी की त्यांचे निम्मे शब्द कळलेच नाहीत, पण मी फोनवर परवानगी घेऊन रेकॉर्ड केलं आणि घरी जाऊन चार वेळा ऐकलं. ते सारखं ‘आपली टीम’ म्हणत होते, होफेनहाइम असं एकदाही म्हणाले नाहीत.

गावाच्या कडेला डीटमार होप स्टेडियम आहे, १९९९ मध्ये क्लबच्या शंभरीला झालेलं, साधारण सहा हजार माणसांचं. इथे आता बायकांची बुंडेसलिगा टीम खेळते. मी पुढच्या एका रविवारी मुलाला घेऊन त्यांची मॅच बघितली. तिकीट स्वस्त, मैदान इतकं जवळ की खेळाडू एकमेकींना ओरडून काय सांगतायत ते ऐकू येतं, आणि लहान लहान मुली टी-शर्ट घालून रेलिंगला लटकलेल्या. मला खरंच भरून आलं, मी लहानपणी शाहू स्टेडियमवर मुलींची टीम कधी बघितली नव्हती.

मोठं स्टेडियम गावात नाहीच, ते काही किलोमीटर पुढे झिन्सहाइमला हायवेच्या कडेला. होफेनहाइम १९७२ पासून झिन्सहाइम नगरपालिकेत आहे. स्टेशनचं नावच म्युझियम/अरेना, कारण शेजारी ते टेक्निक म्युझियम आहे ज्याच्या छपरावर कॉन्कॉर्ड आणि रशियन तुपोलेव्ह १४४ अशी दोन विमानं चढवून ठेवलीयत (मुलाला नेलं नाही तर पाप लागेल, जरूर न्या). अरेनाची क्षमता ३०,१५०, म्हणजे होफेनहाइम गाव त्यात नऊ वेळा बसेल.

आता मधला इतिहास. १९९० च्या सुरुवातीला ही टीम आठव्या श्रेणीत होती, म्हणजे जिल्ह्यातली गावं गावांशी खेळतात तिथे. होप यांनी आधी मैदान, पोरांचं ट्रेनिंग यात हात घातला. १९९६ ला पाचवी श्रेणी, २००० ला चौथीत, २००१ ला तिसरीत, आणि २००३-०४ च्या जर्मन कपमध्ये या तिसऱ्या श्रेणीच्या टीमने बुंडेसलिगातल्या लेव्हरकुझेनला ३-२ ने हरवलं. खरी उडी २००६ ला, राल्फ रांगनिक कोच म्हणून आले, आणि सोबत बेर्नहार्ड पेटर्स, हे कोण तर जर्मनीच्या हॉकी टीमचे कोच, ज्यांनी २००२ आणि २००६ चे हॉकी वर्ल्डकप जिंकलेले. फुटबॉल क्लबमध्ये हॉकीचा माणूस! आपल्याकडच्या हॉकीप्रेमींना हे नक्की आवडेल. २००७ ला दुसरी श्रेणी, आणि १८ मे २००८ ला फ्युर्थच्या टीमला ५-० ने हरवून थेट बुंडेसलिगा.

पहिल्या सीझनला तर अरेना तयारच नव्हतं, अर्धा सीझन मानहाइमच्या उसन्या मैदानावर काढला, आणि तिथेच हे पोरगे हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत ३५ पॉइंट घेऊन टेबलात सगळ्यात वर! इथे त्याला हेर्ब्स्टमाइस्टर म्हणतात, शरद ऋतूतला विजेता. त्यांचा स्ट्रायकर वेदाद इबिशेविचने १७ मॅचमध्ये १८ गोल मारले आणि जानेवारीत फ्रेंडली मॅचमध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. टीम शेवटी सातवी आली. बेकरीतले काका हे सांगताना स्वतःचा गुडघा धरून थांबले होते, तेवढं न समजता पण समजलं.

तयारीतला सगळ्यात कठीण भाग आकड्यांचा असेल असं मला वाटलं होतं, वर्गातले सगळे त्यावर अडकतात, पण मला तो सोपा गेला. जर्मनमध्ये आधी एकक मग दशक, नॉयनउंडनॉयन्झिश, नऊ आणि नव्वद. आपलं नव्याण्णव तसंच आहे की! पंचवीस, छत्तीस पण तसंच. मराठीत विचार केला आणि साल तोंडातून बरोबर आलं, इंग्लिशमध्ये विचार केला की चुकलं. जर्मन शिकणाऱ्यांनी हे करून बघा. मला जड गेला तो ५०+१ चा नियम. अर्थ असा की १९९८ पासून क्लबना फुटबॉलची कंपनी करता येते, पण निम्म्याहून जास्त मतं क्लबच्या सभासदांकडेच राहिली पाहिजेत, कुणी श्रीमंत माणूस विकत घेऊन मालक होऊ शकत नाही. अपवाद ठेवला होता, ज्याने २० वर्षांहून जास्त सलग मोठी मदत केलीय त्याच्यासाठी. तो होप यांना २०१५ पासून मिळाला आणि त्यावरून स्टेडियममध्ये त्यांच्याविरुद्ध फार वाईट बॅनर लागले. २९ फेब्रुवारी २०२० ला बायर्न म्युनिकची मॅच झिन्सहाइमला होती, बायर्न ६-० ने पुढे, आणि त्यांच्याच पाठीराख्यांच्या बॅनरमुळे मॅच दोनदा थांबली, शेवटची तेरा मिनिटं दोन्ही टीमनी नुसता एकमेकांना बॉल दिला. २०२३ मध्ये होप यांनी ती बहुमताची मतं क्लबला परत द्यायचं जाहीर केलं. हा परिच्छेद मी नवऱ्यासमोर अकरा वेळा म्हटला.

रेफरातच्या दिवशी पाय थरथरत होते. मी सुरुवात क्लबने केलीच नाही, फोनवरचा पप्पांचा शाहू स्टेडियमवरचा फोटो दाखवला आणि ‘तालीम’ हा शब्द फळ्यावर लिहिला, खाली ‘टुर्नफेराइन’. मग १८९९, १९२१, १९४५, मग होप. बायर्नच्या मॅचपाशी एक वाक्य विसरले, थांबले, पाणी प्याले, पुढे गेले. २०१३ पाशी आले तेव्हा बाईंकडे बघायचं टाळलं, कारण त्या वर्षी होफेनहाइम खाली जाता जाता वाचलं, शेवटच्या दिवशी डॉर्टमुंडला तिथे जाऊन २-१ ने हरवलं आणि मग बुंडेसलिगात राहायच्या दोन मॅच बाईंच्या काइझर्सलाउटर्नशीच, ३-१ आणि २-१. शेवट २०१६ ला, २८ वर्षांचा युलियान नागेल्समन कोच झाला तेव्हा टीम शेवटून दुसरी होती, त्याने ती वाचवली, पुढच्या वर्षी चौथी, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी आणि २०१८ ला चॅम्पियन्स लीग.

प्रश्नांच्या वेळी सीरियाच्या एका मुलाने विचारलं, पण पैसा नसता तर ही टीम अजून आठव्या श्रेणीतच असती ना? मी म्हटलं, हो, असती. कोल्हापूरच्या तालमींना पण कुणीतरी बूट घेऊन देतो, प्रवासखर्च करतो, बक्षीस लावतो, तो त्याच पेठेतला असतो आणि लोक त्याचं नाव काढतात, इथे रक्कम मोठी आहे पण माणूस गावचाच आहे. हे मी आधी लिहून नेलं नव्हतं, जर्मन व्याकरण दोन ठिकाणी चुकलं, तरी सगळ्यांना कळलं.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, मग मला ‘तालीम’चा उच्चार दोनदा म्हणायला लावला. त्या म्हणाल्या, मला हा क्लब आवडणार नाही, पण इतिहास नाही असं मी परत म्हणणार नाही. पास झाले.

रात्री पप्पांना सगळं सांगितलं. ते मे महिन्यात येतायत, व्हिसाची अपॉइंटमेंट झालीय. म्हणाले, ते विमानाशेजारचं मोठं स्टेडियम नंतर बघू, आधी मला त्या गावातल्या लहान मैदानावर ने.