हप्त्यांवर घेतलेली गिटार

शनिवार, 14 जून 2025, कॉर्क, आयर्लंड

रात्रीचे साडेनऊ वाजून गेले आहेत आणि खिडकीशी बसून दिव्याशिवाय लिहिता येईल इतका उजेड अजून आहे. या गावात येऊन सहा वर्षे झाली, तरी जूनमधल्या या लांबलेल्या संध्याकाळींची सवय काही होत नाही. आज रोरी गॅलाहर या आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादकाला जाऊन तीस वर्षे झाली. सकाळी बसने बॅलिनकॉलिगच्या दिशेला गेले आणि सेंट ऑलिव्हर दफनभूमीत त्याच्या थडग्यापाशी थोडा वेळ उभी राहिले. 1972 साली मिळालेल्या एका पुरस्कारचिन्हावर बेतलेला दगड, पायाशी ओले गवत, कोणीतरी ठेवलेली, गिटारच्या तारा छेडायची दोन-चार पिक्स आणि पावसाने शाई पसरलेली एक चिठ्ठी. मी काही नेले नव्हते. काय न्यायचे हे सुचलेच नव्हते.

मी रोरीपर्यंत गाण्यातून पोचले नाही, लाकडातून पोचले. आमचे घर मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणची निम्मी दुपार तिथल्या एका काकांच्या दुकानात भोपळ्यांच्या राशीत आणि लाकडाच्या भुश्शात गेली. तंबोऱ्याला लाखेचे पॉलिश चढवताना काका आम्हाला श्वास रोखून बसायला लावत, का तर म्हणे धूळ उडते. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात रोरीच्या गिटारचे छायाचित्र पाहिले, तेव्हा वाद्याची इतकी आबाळ कोणी कशी करू शकतो, हाच पहिला विचार मनात आला. 1961 सालची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. मूळचा रंग सनबर्स्ट, म्हणजे मध्ये पिवळसर आणि कडेला काळपट होत गेलेला. त्या रंगाचे आता काही तुकडेच शिल्लक आहेत. जिथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो तिथले लाकूड पार उघडे पडले आहे, जुन्या पाटासारखे करडे-तपकिरी. मानेवरची बाराव्या पडद्याची एक खूण कधीतरी पडली, तिच्या जागी पांढऱ्या प्लास्टिकचा ठिपका बसवला आहे. तारा ताणायच्या सहा खुंट्यांपैकी एक बाकीच्या पाचांशी जुळत नाही.

ही गिटार त्याने 1963 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, याच गावातल्या क्राउली यांच्या वाद्यांच्या दुकानातून 100 पौंडांना घेतली. घेतली म्हणजे उधारीवर, हप्त्यांनी. रॉयल शोबँड नावाच्या, नाचाच्या हॉलांत वाजवणाऱ्या बँडच्या गिटारवादकाने लाल रंगाची मागवली होती, त्याला ही सनबर्स्ट आली. लाल हाती पडल्यावर त्याने ही दुकानात परत दिली, आणि म्हणून ती रोरीच्या वाट्याला आली. आयर्लंडमध्ये आलेली ही पहिलीच स्ट्रॅटोकास्टर असे मानतात. एवढे कर्ज ऐकून आईला धसका बसला, तेव्हा पोराने तिला समजावले की या एकाच गिटारवर ठेका आणि मुख्य सूर दोन्ही वाजवता येतात, म्हणजे दुसरा गिटारवादक ठेवायला नको आणि तेवढे पैसे वाचतील. शिलाई मशीनच्या हप्त्यांसाठी माझ्या आईने वडिलांपुढे केलेला युक्तिवाद मला पाठ आहे, तो याहून फार वेगळा नव्हता. हा किस्सा मी आईला फोनवर सांगितला, तर तिने एवढेच विचारले, “अगं, पण फेडले का त्याने सगळे हप्ते?”

त्याचा जन्म 2 मार्च 1948 चा, डोनेगल परगण्यातल्या बॅलिशॅननचा. वडील तिथल्या जलविद्युत प्रकल्पावर कामाला होते आणि ॲकॉर्डियन वाजवत. आई गाणारी आणि हौशी रंगभूमीवर काम करणारी. पुढे काही वर्षे डेरीला काढून आई दोन्ही मुलांना घेऊन कॉर्कला माहेरी आली. अमेरिकी सैनिकांसाठी युरोपात चालणाऱ्या रेडिओ केंद्रावर रात्री उशिरा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे गाणे, लागे, ते त्याने कान लावून ऐकले. शिकवायला कोणी नव्हते. गुरू नसताना, नुसत्या रेडिओवरून, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतले गाणे आयर्लंडमधला एक शाळकरी मुलगा उचलतो, याचे मला अजून नवल वाटते.

पहिली नोकरी मात्र शोबँडमध्येच. हा प्रकार आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रासारखाच: सगळ्यांना एकसारखे सूट, नाचाचे हॉल, आणि त्या आठवड्यात गाजत असलेली गाणी जशीच्या तशी वाजवायची. त्याला ते मानवले नाही. 1966 मध्ये त्याने ‘टेस्ट’ हे तिघांचे बँड काढले. त्याच वर्षी डब्लिनमध्ये त्याची गिटार चोरीला गेली आणि काही दिवसांनी एका खंदकात, पावसात भिजलेल्या अवस्थेत सापडली. रंग उडायला सुरुवात तिथूनच झाली. पुढचे काम घामाने केले. त्याचा रक्तगट दुर्मीळ होता म्हणून घाम तिखट होता, असे त्याचे चाहते हिरीरीने सांगतात. मला ते तितकेसे पटत नाही. जो माणूस वर्षातले कितीतरी महिने रोज रात्री दोन-दोन, तीन-तीन तास उभ्याने वाजवतो, त्याच्या घामाला रक्तगटाची मदत कशाला लागेल?

टेस्टने 1968 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘क्रीम’ या गाजलेल्या बँडच्या निरोपाच्या मैफलीआधी वाजवले, 1970 च्या ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइट बेटावरच्या संगीत महोत्सवातला प्रचंड जनसमुदाय खिळवून ठेवला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पैशांच्या व व्यवस्थापनाच्या भांडणांत बँड मोडले. त्यानंतर तो स्वतःच्या नावाने वाजवू लागला. 1971 मध्ये ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम वादक म्हणून निवडले. पण मला त्या वर्षातली दुसरी गोष्ट अधिक आवडते. डिसेंबरमध्ये अमेरिकी ब्लूजचे बुजुर्ग गायक मडी वॉटर्स लंडनला ध्वनिमुद्रण करत होते आणि रोरीला साथीला बोलावले होते. त्याचे त्याच रात्री दुसरीकडे कार्यक्रम असत. ते संपवून गाडी हाकत तो मध्यरात्रीच्या सुमारास पोचे. उशीर झाला म्हणून तो ओशाळून आत शिरला, तर मडी वॉटर्स त्याच्यासाठी थांबलेले होते आणि त्यांनीच पेला भरून त्याच्या हातात दिला, असे सांगतात. ज्यांना रेडिओवर ऐकून शिकलो त्यांनी आपली वाट पाहावी, याहून मोठा पुरस्कार त्याला कुठल्या साप्ताहिकाने दिला असता?

त्याच्या आवाजाबद्दल मिरजेच्या भाषेत सांगायचे तर तो उघड्या जवारीचा आवाज आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानसेने हळूहळू असा उतरवतात की तार तिला निसटती घासत राहते आणि सुराला किणकिण, रेंगाळणारी झालर येते. फार घासले तर नुसती खरखर, कमी घासले तर सूर बंद. रोरी हीच कारागिरी विजेवर करी. व्हॉक्स एसी30 हा छोटा अँप्लिफायर आणि त्याच्याआधी रेंजमास्टर नावाची, वरच्या पट्टीचे सूर उचलून धरणारी एक डबी, एवढ्यावर तो आवाज फुटण्याच्या काठावर आणून ठेवायचा. बाकीचे सगळे हातात. करंगळीने गिटारवरची कळ फिरवत तो सुराला तोंड उघडल्या-मिटल्यासारखा आकार देई. त्यासाठी पायाखाली वेगळे यंत्र घेतले नाही. आणि मध्येच विजेची गिटार खाली ठेवून मँडोलिन किंवा 1932 सालची पत्र्याच्या अंगाची नॅशनल गिटार घेऊन एकटाच गायला बसे.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा उल्लेख केल्याशिवाय त्याच्याविषयी लिहिता येणार नाही. सत्तरच्या दशकात तिथे बाँब फुटत होते, बाहेरची बहुतेक बँडे जायचे टाळत होती, आणि हा मात्र नाताळ-नववर्षाच्या सुमारास अल्स्टर हॉलमध्ये न चुकता वाजवत होता. एरवी एकमेकांच्या गल्लीत पाऊल न टाकणारी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट घरांतली मुले त्या हॉलमध्ये खांद्याला खांदा लावून उभी राहत. त्याने त्यावर भाषणे केल्याचे माझ्या वाचनात नाही. तो चौकड्यांचा शर्ट घालून येई आणि वाजवून जाई. 1974 च्या जानेवारीतल्या बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कच्या कार्यक्रमांतून ‘आयरिश टूर ’74’ ही तबकडी निघाली. त्यातले ‘अ मिलियन माइल्स अवे’ मी आज परतीच्या बसमध्ये ऐकले. गाडीच्या काचेवर पावसाचे थेंब तिरके धावत होते आणि माझा थांबा मागे राहिला.

इथल्या चाहत्यांशी माझे एका बाबतीत जमत नाही. त्याने सुटी गाणी रेकॉर्डवर काढायला नकार दिला. 1975 च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्सने गिटारवादकाच्या रिकाम्या जागेसाठी रॉटरडॅमला बोलावले तेव्हा त्यांच्याबरोबर तीन-चार रात्री वाजवून तो आधी ठरलेल्या जपानच्या दौऱ्यासाठी सरळ निघून गेला. सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेली एक अख्खी तबकडी आवडली नाही म्हणून त्याने रद्द केली. हे सगळे लोक त्याच्या निष्ठेचे दाखले म्हणून सांगतात. जपानची तिकिटे विकली गेली होती आणि त्याने शब्द पाळला, हे मला मनापासून मान्य आहे. पण बाकीच्यांत निष्ठेइतकाच हट्टही दिसतो, आणि आपल्याशिवाय कुणालाच हे नीट जमणार नाही ही अस्वस्थताही. अशी माणसे मी कारखान्यात रोज पाहते. रात्री अकरा वाजता परत येऊन तीच नोंद तपासणारी. त्यांचे काम चोख असते, आणि घरी त्यांची वाट पाहणारे कोणी नसते.

रोरीने लग्न केले नाही. भाऊ डोनल शेवटपर्यंत व्यवस्थापक म्हणून बरोबर राहिला, पण उत्तरार्धात रोरी लंडनच्या हॉटेलात एकटा राहत होता. विमानाची भीती बळावली, त्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांत दारूची भर पडली, आणि यकृत निकामी होत गेले. 10 जानेवारी 1995 ला त्याने रॉटरडॅममध्ये शेवटचे वाजवले. यकृतरोपण झाले, त्यातून तो सावरतो आहे असे वाटत असतानाच जंतुसंसर्ग झाला आणि 14 जूनला लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात तो गेला. वय 47. अंत्ययात्रेला या गावच्या रस्त्यांवर हजारो लोक उभे होते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे 2024 मध्ये, ती गिटार लंडनमध्ये लिलावात निघाली. 7 लाख पौंडांवर हातोडा पडला. दलाली धरून 8 लाख 89 हजारांच्या वर. ती घेणाऱ्या, संगीताचे कार्यक्रम आयोजित करणाऱ्या कंपनीने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्यायची म्हणूनच घेतली. मी आईला ते आकडे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “हप्ते फेडले असणार मग.”

दुपारी बाजारातून येताना पॉल स्ट्रीटजवळच्या त्याच्या नावाच्या चौकात थांबले. तिथे ब्राँझची गिटार भोवऱ्यासारखी वर उसळते आणि तिच्यातून त्याच्या गाण्यांच्या ओळी निघतात. खाली दोन मुली बटाट्याचे चिप्स खात बसल्या होत्या. मला मिरजेच्या काकांची आठवण झाली. त्यांचे हात आता थरथरतात, मुलगा दुकान बघतो. खऱ्या गिटारचे छायाचित्र मी तिथूनच त्यांना पाठवले. तासाभराने त्यांचा आवाजी निरोप आला: “बाळ, कुणाचं वाद्य हे? फारच हाल केलेत. पाठवून दे, पंधरा दिवसांत नवं करून देतो.” मी काही उत्तर देण्याआधीच दुसरा निरोप आला. बहुधा त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिले असावे. “राहू दे, राहू दे. याला पॉलिश नको लावू देऊ कुणाला. उभ्यानं वाजवत होता ना हा माणूस?”

हो, काका. उभ्यानेच.