गायक गेल्यावर बँडचं काय होतं

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभर ब्लॅक कंट्री, न्यू रोड हा इंग्लंडचा बँड ऐकला. सगळे अल्बम, आले त्या क्रमाने. सध्याच्या बँडमध्ये माझा सगळ्यात लाडका बँड हाच, आणि तो का, हे आज नीट लिहून काढायचंय.

'अँट्स फ्रॉम अप देअर' ४ फेब्रुवारी २०२२ ला आला. त्याच्या चारच दिवस आधी गायक आयझॅक वुडने बँड सोडल्याचं जाहीर केलं. मनातल्या दुःखाने आणि भीतीने गाणं-वाजवणं अवघड झालंय, असं त्याने सरळ लिहिलं होतं. आणि अल्बम तर काय अल्बम आहे! 'स्नो ग्लोब्ज'मध्ये बाकीचे सगळे एकच साधी सुरावट शांतपणे फिरवत राहतात आणि चार्ली वेनचे ड्रम्स मधेच पिसाळतात, कुणाच्या तालाची पर्वा न करता. त्या गोंधळावर आयझॅकचा आवाज, रडू फुटायच्या बेतात असलेला. शेवटचं 'बास्केटबॉल शूज' १२ मिनिटांहून मोठं आहे. ते शफलवर एकटं लागलं की मी बंदच करते. आधीचे नऊ ट्रॅक ऐकून झाल्याशिवाय त्याचा शेवट अंगावर येत नाही. अल्बम सलग ऐका म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते ते याचसाठी.

पण माझा खरा जीव जडला तो यानंतर. उरलेल्या सहाजणांपुढे सोपा रस्ता होता: नवा गायक आणायचा आणि तीच गाणी वाजवायची. लोकांना तीच तर हवी होती. त्यांनी ठरवलं, आयझॅकची गाणी त्याच्याशिवाय वाजवायची नाहीत. सगळीच्या सगळी नवी गाणी बांधली, ती घेऊन स्टेजवर गेले, आणि २०२३ मध्ये 'लाइव्ह अ‍ॅट बुश हॉल' आला. केवढी हिंमत लागते याला! ज्या अल्बमने नाव झालं, तोच बाजूला ठेवायचा आणि प्रेक्षकांनी कधी न ऐकलेलं त्यांच्यापुढे मांडायचं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आलेला 'फॉरएव्हर हाउलाँग' म्हणजे या सगळ्याचं पुढचं पाऊल. टायलर हाइड, जॉर्जिया एलरी आणि मे कर्शॉ आलटून-पालटून गातात, आपापली गाणी आपणच लिहितात. पहिल्या अल्बममधला ताण, ती किंचाळी इथे नाही. त्याऐवजी एकमेकींच्या आवाजात आवाज मिसळणं आहे, रेकॉर्डर नावाच्या साध्या बासऱ्या आहेत. सगळंच मला आवडलं असं नाही. काही गाण्यांत वळणं इतकी, की धून हाती लागेपर्यंत गाणं संपतं. पण "आयझॅकचा बँड आता राहिला नाही" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तो एकट्याचा बँड कधी नव्हताच. 'अँट्स'मधला सॅक्सोफोन, व्हायोलिन, पियानो याच माणसांचा आहे, कान देऊन ऐका ना.

फाँटेन्स डी.सी. या डब्लिनच्या बँडबद्दल मैत्रिणीशी माझं दर वेळी वाजतं. तिला २०१९ चा 'डॉगरेल'च हवा: खरखरीत गिटार, डब्लिनचे रस्ते, तो ठसठशीत उच्चार. २०२४ चा 'रोमान्स' तिला गुळगुळीत वाटतो. मला उलट वाटतं. त्यातल्या 'स्टारबर्स्टर'मध्ये गायक ग्रिअन चॅटन ओळींच्या मधे धाप लागल्यासारखा श्वास ओढतो. ते गाणं त्याला आलेल्या पॅनिक अटॅकवरून सुचलेलं, आणि तो श्वास हाच त्या गाण्याचा ताल झालाय. याला गुळगुळीत कसं म्हणायचं? 'रोमान्स' आणि 'फॉरएव्हर हाउलाँग' दोन्हींचा प्रोड्यूसर जेम्स फोर्डच आहे, आणि दोन्ही अल्बम एकमेकांसारखे जराही वाटत नाहीत. मला चांगल्या प्रोड्यूसरची हीच खूण वाटते.

द क्युअर हा काही माझ्या पिढीचा बँड नव्हे, पण 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' वगळून २०२४ बद्दल बोलताच येत नाही. १६ वर्षांनी आलेला अल्बम, फक्त आठ गाणी. पहिल्याच गाण्यात तीन मिनिटं होऊन जातात तरी रॉबर्ट स्मिथ तोंड उघडत नाही. मला ते थांबणं फार आवडतं.

ब्लॅक मिडी हा बँड थांबल्याचं दुःख आहेच. त्याचा गायक जॉर्डी ग्रीपचा सोलो अल्बम 'द न्यू साउंड' भन्नाट आहे, पण मॉर्गन सिम्पसनचे ड्रम्स त्या बँडमध्ये जसे उसळायचे, तसं दुसरीकडे मला कुठे सापडलं नव्हतं.

गीस हा बँड ऐकेपर्यंत. 'गेटिंग किल्ड' हा माझ्या मते २०२५ चा सगळ्यात जिवंत रॉक अल्बम. गायक कॅमेरन विंटरचा आवाज कधी लडखडतो, कधी ओरडतो, आणि ड्रमर मॅक्स बॅसिन मागून ते सगळं सावरत नेतो. त्याआधीच्या '३डी कंट्री'पेक्षा हे पुष्कळ वेगळं आहे. पुढच्या वेळी हेही मोडून त्यांनी तिसरंच काही केलं, तर मी आलेल्या दिवशीच, पहिल्या ट्रॅकपासून, सलग ऐकणार आहे.