गोयाच्या चित्रातली लाखोळी

कागदावरच्या जुन्या चित्रांची तपासणी आणि डागडुजी हे माझं काम, युरोपातल्या एका संग्रहालयात. कागद कुठे फुगलाय, तपकिरी ठिपके कुठवर पसरलेत, पूर्वी कुणी नको तिथे डिंक लावून ठेवलाय का, हे बघण्यात दिवस जातो. चित्र कशाचं आहे याकडे लक्ष द्यायला फुरसत नसते, आणि स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धावरची मालिका टेबलावर असली की ते बरंच म्हणायचं. झाडाला टांगलेली धडं, खड्ड्यात लोटलेली प्रेतं, आणि एका पानाखाली नुसतं ‘मी हे पाहिलं’.

त्या दिवशी प्रदर्शनासाठी दुष्काळाची पानं बाहेर काढली होती. नेपोलियनच्या फौजा १८०८ साली स्पेनमध्ये शिरल्या, तेव्हा गोया साठी ओलांडलेला, ठार बहिरा. १८१०च्या सुमारास त्याने हे काम हाती घेतलं. ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायची. तांबं मिळेना, म्हणून स्वतःचे जुने पत्रे कापून त्यांच्या मागच्या बाजूवरही त्याने चित्रं कोरली. हयातीत मालिका छापलीच नाही. तो १८२८ साली गेला, आणि माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीने ती १८६३ साली काढली. आमच्याकडची पानं त्याच छपाईची.

दिवा टेबलाच्या कडेला आडवा लावला की कागदाचे चढउतार दिसतात. पत्र्याच्या दाबाने कागदावर बसलेली चौकट बोटाला लागते. ५१ नंबरचं पान मी असं बघत होते. घोळक्याने बसलेली माणसं, खाण्यासाठी पुढे आलेले हात, आणि जमिनीवर आडवी झालेली एक बाई. मागचा अंधार म्हणजे ॲक्वाटिंट: पत्र्यावर राळेची पूड तापवून चिकटवायची आणि मग तो आम्लात सोडायचा. भिंगाखाली तो अंधार बारीक दाण्यादाण्यांचा दिसतो. खाली स्पॅनिशमध्ये ओळ आहे: ‘आल्मोर्ताची कृपा’.

क्युरेटर शेजारी बसून भिंतीवर लावायचा मजकूर तपासत होती. तिच्या कच्च्या खर्ड्यात आल्मोर्ता म्हणजे ‘एक स्वस्त कडधान्य’, आणि बाई ‘थकून पडलेली’. कसलं कडधान्य, म्हणून मी सहज फोनवर शोधलं. शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटिव्हस. खाली निळसर फुलांचा फोटो.

अहो, ही तर आमची लाखोळी! माझं गाव भंडारा जिल्ह्यात. धान काढल्यावर बांध्यांमधून हीच निळी फुलं असतात.

जेवणाच्या सुट्टीत मोठ्या काकांना फोन लावला.

“पेरतो ना, उतेऱ्यात,” काका म्हणाले. “धान उभं असतानाच ओलीत फेकून द्यायची, बस. पाणी नको, खत नको.”

“खाऊन पाय जातात म्हणतात ना?”

“ज्याच्या घरी दुसरं काहीच नाही, त्याचे जातात. आपण कधीमधी वडे खातो, आपले कशाला जातील?”

वैद्यकाच्या पुस्तकांतही याहून फार वेगळं काही नाही. दोन-तीन महिने बहुतेक हिच्यावरच काढले की हिच्यातलं विष मज्जासंस्थेला बाधतं. डोकं शाबूत राहतं, पाय मात्र ताठरतात, चालताना एकमेकांत अडकतात. आधी काठी लागते, मग दोन काठ्या, आणि काहींना शेवटी फरफटत सरकावं लागतं. गेलेले पाय परत येत नाहीत. म्हणूनच आपल्याकडे १९६१ पासून बहुतेक राज्यांत हिच्या विक्रीवर बंदी आली. पण बाकी सगळं करपलं तरी हे पीक तगतं, म्हणून दुष्काळात पानात उरतं तेच. माद्रिदमध्ये १८११-१२ साली तेच झालं. पीक बुडालेलं, फौजांनी आणि त्यांच्याशी लढणाऱ्या टोळ्यांनी रस्ते अडवलेले, गव्हाचा भाव गगनाला भिडलेला. वीसेक हजार माणसं भुकेने गेली. जी तगली त्यांतली कितीतरी याच पिठाच्या लापशीवर.

क्युरेटरला म्हटलं, ही बाई थकलेली नाही, तिचे पाय गेलेत. ती हसली. चित्रावरून रोग ओळखायचा नसतो, म्हणाली, आणि ते खरंच आहे. पण मज्जाविकारावर लिहिणाऱ्या डॉक्टरांनीही या चित्राचा दाखला दिलाय, हे दाखवल्यावर तिने खर्डा पुढे ओढला.

मग वाद रंगला तो ‘कृपा’वरून. तिच्या मते तो उघड टोमणा. मला नाही तसं वाटत. तीन आठवडे पोटात काही नसलेल्या माणसाला लापशी मिळते, तेव्हा तो मनापासूनच हात जोडतो, पायांचं नंतर कळतं. गोयाला दोन्ही माहीत असणार, म्हणून तर ती बाई पुढे आणि वाडगी तिच्या मागे. आमचं एकमत झालं नाही.

मजकुरातून ‘थकून’ गेलं. हेच एक धान्य महिनोन्महिने खाल्लं की पाय कायमचे जातात, हे वाक्य आलं. भंडारा-गोंदियाचा उल्लेख मी सुचवला होता, तो जागेअभावी उडाला. तपासणीच्या अर्जात विषयाचा एक रकाना असतो. तिथे पूर्वी कुणी ‘भिकारी’ लिहून ठेवलं होतं. ते खोडून ‘दुष्काळ, माद्रिद’ लिहिलं, पुढे त्या कडधान्याचं शास्त्रीय नाव घातलं, आणि ५२ नंबरचं पान दिव्याखाली घेतलं.