कातडं उन्हात धरून बघताना

हातानं वस्तू शिवायला म्हणून कातड्याचं पहिलं पान विकत घेऊन घरी उलगडलं तेव्हा माझा चेहराच पडला. एका कडेला मोहरीएवढे खड्डे, मधोमध वीतभर ओरखडा, मानेकडे सुरकुत्या. फसलो असं वाटून आठवडाभर त्याला सुरी लावली नाही. शेवटी ते गुंडाळून पिशवीत घातलं आणि पुण्याहून कोल्हापूरची एसटी धरली.

बसस्थानकावरून रिक्षानं चपला करणाऱ्यांचं सुभाषनगर. दारादारांत ठोकण्याचा आवाज, वाळत घातलेले तळ, आणि पकवलेल्या कातड्याचा तो तुरट वास. एका दारात साठीचे मामा रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या पात्यानं, पट्ट्याची कड पातळ करत बसले होते. कातडं दाखवलं, तर ते उठून उंबऱ्यात गेले आणि उन्हात तिरकं धरलं. समोरून न दिसलेल्या कितीतरी खुणा मला तेव्हा दिसल्या.

“हे गोचिडीचं. हा काटा नाहीतर तार लागलेली.” ओरखडा बोटावर दुमडून त्यांनी ताणून पाहिला. “जखम भरलीया. ह्यो न्हाई फाटायचा.” मग पान उलटं केलं. मागच्या बाजूला एक बारीक चीर होती, माझ्या लक्षातही न आलेली. “सोलताना सुरी लागलीया. हितनं पट्टा काढलास तर दोन म्हयन्यांत तुटंल.”

मला छळत होता तो ओरखडा निरुपद्रवी होता आणि खरा धोका पाठीमागे लपला होता!

गडद रंग देऊन खुणा झाकाव्यात, हा माझा बेत मी सांगितला. मामांनी ओलं फडकं फिरवलं. ओरखड्याची रेघ आजूबाजूपेक्षा वेगळीच उठली. तिथं कातडं पाणी वेगळं पितं, तसाच रंगही. कारखान्यात वरचा पापुद्रा घासून त्यावर जाड रंगाचा थर चढवतात, तेव्हा डाग बुजतात. बाभळीची साल नि हिरड्यात पकवलेलं कातडं असं काही लपवत नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल याच कातड्याची, त्यामुळे कापण्याआधीची निवड हेच अर्धं काम.

पुढचा तासभर आम्ही खडूनं आखणी केली. पाठीकडचा घट्ट भाग पट्ट्याला. पोटाकडचं सैल, ओढलं की लांबणारं, ते ताण न येणाऱ्या जागी. गोचिडीचे खड्डे आतल्या थरात. ओरखडा मात्र मी पाकिटाच्या दर्शनी बाजूला घेतला, मामांना विचारूनच. त्या जनावराच्या अंगावरची ती खूण मला आता पुसावीशी वाटत नव्हती.

चिरेचा तुकडा मी टाकायला निघालो, तर त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. “ह्याच्यावर आरी चालवायला शीक.”

रात्री लॉजवर त्यावर आरीच्या टोकानं भोकं पाडत बसलो. पहिली रांग वाकडी आली. चौथी बऱ्यापैकी सरळ.