आधी राखणदाराची परवानगी

लहानपणी वडील रात्री दारू पिऊन यायचे आणि आईला, आम्हा भावंडांना मारायचे. आज हे एका वाक्यात लिहिता येतंय. पारोळ्याहून धुळ्याला थेरपीसाठी जायला लागले तेव्हा हेच वाक्य तोंडातून फुटत नव्हतं. बोलायला गेलं की घसा आवळायचा, नाहीतर सगळं बधिर व्हायचं, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं. दाराची कडी वाजली तरी मी झोपेतून दचकून उठायचे. सासूबाईंनी काळजीपोटी भगताकडेही नेलं होतं.

थेरपिस्ट ताईंनी 'काय घडलं ते सांगा' असं म्हटलंच नाही. समोर कोरे कागद, तेलखडू आणि ओल्या मातीचा गोळा ठेवला. चित्र चांगलं यायची गरज नाही, त्याचा अर्थही मी लावणार नाही, तुम्हीच सांगायचा, हे आधीच स्पष्ट केलं. अशा आठवणी पुष्कळदा शब्दांत नसतातच. वास, आवाज, पोटात पडणारा खड्डा अशा तुकड्यांत असतात. म्हणून आधी हाताला बोलू द्यायचं.

जोडीला मनातल्या भागांशी बोलणं. रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकी फॅमिली थेरपिस्टनं १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली, तिला इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स किंवा आयएफएस म्हणतात. मनातले काही भाग राखण करतात, काही जुनं दुखणं घेऊन लपून बसतात, आणि यातला एकही वाईट नाही, असं ती मानते. ट्रॉमासाठी, म्हणजे मनावरच्या अशा खोल आघातासाठी, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेत आठवणी हाताळणं) आणि ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं यांवर काम करणं) या उपचारांमागे संशोधन जास्त आहे, आयएफएसमागे अजून कमी, हेही ताईंनी सुरुवातीलाच सांगितलं. त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

"घसा आवळणारं जे आहे, ते कागदावर येऊ द्या," त्या म्हणाल्या. मी काळा खडू घेतला. तोंडावर दाबलेला भलामोठा हात निघाला. खडू इतका जोरात रेटला की तुटला.

"याच्याकडे बघून काय वाटतं?"

"राग येतो."

"त्या रागाला थोडं बाजूला बसायला सांगाल? त्याचंही नंतर ऐकू."

राग बाजूला झाल्यावर हाताला विचारायचं होतं, तू हे काम सोडलंस तर काय होईल अशी भीती वाटते? उत्तर लगेच आलं. ती पोर ओरडेल, मग अजून मार बसेल. मग ताईंनी विचारलं, "त्याच्या मते तुमचं वय काय?"

"नऊ," मी म्हणाले आणि सुन्न झाले. मला स्वतःची मुलगी आहे, घर माझं आहे, हे त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस तेच सांगत बसलो. राखणदारानं परवानगी दिल्याशिवाय आत जायचं नाही, हा नियम ताईंनी कधीच मोडला नाही.

आतली मुलगी मातीतून आली. पोळ्याला बैल करायची सवय बोटांना होतीच. धान्याच्या कोठीमागे गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पोर झाली. मराठीत बोलले तर काहीच हललं नाही. मग आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाले, "मी आठे शे," म्हणजे मी इथेच आहे, आणि इतक्या वर्षांचं रडू फुटलं.

मधेच बधिर व्हायला लागले की ताई थांबवायच्या. पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या निळ्या वस्तू सांगा. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, व्हिडिओ बघून घरी एकटीनं जखमेपर्यंत जाऊ नका. मला काही काळ मानसोपचारतज्ज्ञांची झोपेची औषधंही लागली. जवळ कुणी नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

दचकणं कमी झालंय, गेलेलं नाही. वडील हयात आहेत. नातेवाईक म्हणतात, सोडून दे आता. ताईंनी मात्र त्यांना माफ करा असं एकदाही म्हटलं नाही. बाजूला बसवलेल्या रागाचं म्हणणं हल्ली आम्ही ऐकायला घेतलंय, आणि त्याला सांगायचं पुष्कळ आहे.